पाच ई-चलनं, त्यातली दोन आमची नाहीत आणि एक बाबांचं आहे. भरायची कशी?

कोयनाकाठची | रात्री १०:४२

नमस्कार. प्रश्न थोडा लांब आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळंच लिहिते.

आमच्या घरी २०१४ची पांढरी ॲक्टिवा आहे. एमएच ५०, म्हणजे कराड पासिंग. गाडी बाबांच्या नावावर. बाबांच्या गुडघ्याला आता किक सोडाच, डबल स्टँडसुद्धा झेपत नाही, म्हणून ती विकायचं ठरलं. गल्लीतल्याच एका मुलाने २२ हजार कबूल केले आणि पाच हजार इसारही दिला. एजंटाकडे कागद दिले, तर दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "ताई, गाडीवर चलनं आहेत. ती निल करा, मग टीटी होईल." टीटी म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करणं, हे मला तेव्हा कळलं.

बाबा एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. विना-अपघात सेवेचा बिल्ला देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे, दसऱ्याला त्याला अजून फूल वाहिलं जातं. त्यांना म्हटलं, गाडीवर चलनं आहेत. ते म्हणाले, "दुसऱ्याची असतील." आणि पेपर उघडला.

मग मी महाट्रॅफिकच्या साइटवर गाडीचा नंबर आणि आरसी बुकातले चासीचे शेवटचे चार आकडे टाकले. पाच चलनं निघाली, मिळून तीन हजार रुपये. एकाचाही मेसेज कधी आला नव्हता, कारण आरटीओत नोंदवलेला मोबाइल नंबर बाबांच्या जुन्या फोनचा आहे. तो फोन कोयनेच्या पुरात गेला.

पहिलं २०२२चं, साताऱ्यात पोवई नाक्यावर नो पार्किंग, ५०० रुपये. तेव्हा माझा भाऊ तिथे क्लासला जायचा. दुसरं २०२३चं, कोल्हापुरात विनाहेल्मेट, ५००. फोटोत भाऊच आहे, आणि त्या दिवशी तो घरी "लायब्ररीत होतो" असं सांगून गेला होता. त्याचं आणि आईचं जे झालं ते इथे लिहीत नाही.

चौथं आणि पाचवं दोन्ही ऑगस्ट २०२५ची, दोन्ही पुण्याची. चौथं स्वारगेटजवळ ट्रिपल सीट, १००० रुपये. फोटोत काळी गाडी, तिच्यावर तीन पोरं, मधल्याच्या पाठीवर बॅग. पाटी साधी, पण नंबर सरळसरळ आमचाच. पाचवं सिग्नल तोडल्याचं, ५००. हे कॅमेऱ्यातलं असावं, रात्रीचं आहे, मागून घेतलेलं आणि जरा धुरकट. आमची गाडी आयुष्यात खंबाटकी घाट चढलेली नाही. ऑगस्टमध्ये तर ती दारात ताडपत्रीखाली होती. इथून स्वारगेट दीडशे किलोमीटरच्या वर आहे.

आता तिसरं. २०२४ची दिवाळी, आमच्याच गावात दत्त चौक, विनाहेल्मेट, ५०० रुपये. फोटोत बाबा आहेत. टोपी, स्वेटर, पुढे हुकाला अडकवलेली औषधांची पिशवी. चेहरा अर्धाच दिसतो, पण स्वतःच्या बापाची पाठसुद्धा माणूस ओळखतो. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तर मला विचारायचंय ते असं. भाऊ आणि बाबा यांची तीन भरून आमची नसलेली दोन मागे ठेवता येतात का, की एकदम पाचही भरावी लागतात? त्या दोनांची तक्रार कुठे आणि कशी करायची, की हजार-पाचशेसाठी डोकेफोड नको म्हणून भरून टाकू? गिऱ्हाईक थांबलंय. तिसरं, हेल्मेटच्या चलनात तीन महिने लायसन निलंबित होतं असं वाचलं, ते बाबांना लागू होईल का? त्यांनी गाडी सोडली असली तरी लायसन त्यांच्या पाकिटात असतं आणि ते गेलेलं त्यांना चालणार नाही.

आणि एक. परवा बाबांच्या व्हॉट्सॲपवर "आपल्या वाहनाचे चलन प्रलंबित आहे" असा मेसेज आलाय, खाली फाइल आहे. शेवटी एपीके असं लिहिलंय. अजून उघडली नाही. उघडू का?


पार्किंग_शोधतोय | रात्री १०:५८

उघडू नका. आणि भरूही नका. माझ्यावर अकरा आहेत, चार वर्षं झाली, कुणी दारात आलेलं नाही. सरकारकडे वेळ नाही तुमच्या पाचशेसाठी.


तीनचाकी | रात्री ११:२०

वरच्या भाऊंना गाडी विकायची नाही म्हणून बोलतायत. विकायला काढा, मग कळेल.

ताई, मी पिंपरीत रिक्षा चालवतो. आमच्याकडे चलनाची भानगड तुमच्यापेक्षा वेगळी. गाडी मालकाची, दिवसा मी चालवतो, रात्री दुसरा. चलन जातं गाडीच्या नंबरवर, म्हणजे मालकाच्या मोबाइलवर. मालक महिन्याने सांगतो, "तुझे दोन आहेत, पंधराशे." मी म्हणतो तारीख सांगा, टाइम सांगा. टाइम बघितला तर रात्रीचा पावणेबारा, मी तेव्हा जेवून झोपलेलो. एकदा रात्रवाल्याचे हजार माझ्या डिपॉझिटमधून गेले, तेव्हापासून मी वही ठेवलीय. गाडी ताब्यात घेतल्याची वेळ, दिल्याची वेळ, खाली दोघांची सही. मालक हसतो, पण त्यानंतर एकदाही भांडण नाही.

पाचशेचं चलन म्हणजे माझी अर्ध्या दिवसाची कमाई. बाई-माणूस म्हातारं घेऊन दवाखान्यापुढे उतरतात, मी पुढे शंभर मीटर नेऊन सोडू का? दोन मिनिटं थांबलं की मागून फोटो. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. पण फोटोत म्हातारी दिसत नाही, फक्त रिक्षा दिसते.

ते काहीही असो, थकवू नका. आमचं पासिंग, म्हणजे रिक्षाची फिटनेस तपासणी असते, तिथे दरवेळी मागचं सगळं निघतं आणि एकदम भरताना जीव जातो. त्यापेक्षा लागलं की आठ दिवसात भरून मोकळं.


निवृत्त_शिट्टी | सकाळी ६:१५

ताई, मी वाहतूक शाखेतून हवालदार म्हणून रिटायर झालो. सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो, पण आधी शेवटचा. ती एपीके फाइल उघडायची नाही. मेसेज डिलीट करा, नंबर ब्लॉक करा. पोलीस किंवा आरटीओ कधीच फाइल पाठवून ॲप टाकायला सांगत नाहीत. ती फाइल बसली की फोनमधले मेसेज, ओटीपी सगळं दुसऱ्याच्या हातात. खऱ्या मेसेजमध्ये चलन नंबर असतो आणि लिंक असली तर ती "गव्ह डॉट इन" वर संपते. त्या लिंकवरही बोट ठेवू नका, स्वतः साइट उघडा आणि बघा. कुणी चुकून उघडलीच तर आधी नेट बंद, मग बँकेला फोन, मग १९३०.

आता चलनं. आमच्या वेळी पावती फाडायचो. कार्बन घातलेलं पुस्तक, खाली सही, माणूस समोर. हुज्जत व्हायची, पण जी व्हायची ती तोंडावर व्हायची. आता पावती फाटत नाही, चलन उमटतं आणि माणसाला वर्षाने कळतं. मशीन आलं तेव्हा आम्ही खूश होतो, कारण पैशाचे आरोप थांबले. पण समोरचा माणूस गेला आणि फोटो उरला, त्यामुळे फोटो नीट बघणं हे आता तुमचं काम झालं. तुम्ही ते केलंत, शंभरातले नव्वद करत नाहीत. रक्कम बघतात आणि भरतात, नाहीतर रक्कम बघतात आणि शिव्या देतात.

पाचही एकदम भरायची गरज नाही. यादीत प्रत्येक चलनापुढे चौकट असते. जी भरायची त्यांवर टिक करा आणि यूपीआयने किंवा कार्डाने भरा. नेटवर जमत नसेल तर चौकात ज्यांच्या हातात ई-चलनाचं मशीन आहे त्या अंमलदाराकडे भरता येतं. गाडी नंबर सांगितला की त्यांना यादी दिसते. फक्त छापील पावती हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.

तुमची नसलेली दोन. यात घाई करू नका, कारण मला ही दोन एकाच जातीची वाटत नाहीत.

पाचवं, रात्रीचं. तो फोटो मोठा करून आकडे एकेक बघा. ३ आणि ८, १ आणि ७, मधली अक्षरं डी आणि ओ, बी आणि ८. पाटीवर स्क्रू कुठे आहे ते बघा. स्क्रू आकड्याच्या पोटात आला की ३चा ८ होतो. रात्री दिव्याच्या झोतात तर होतोच. मग तुम्हाला जो नंबर खरा वाटतो तो एम-परिवहन ॲपवर टाका. गाडीचा मेक आणि मॉडेल येतं. फोटोतल्या गाडीशी जुळलं तर चलन वाचण्यात चूक आहे, बाकी काही नाही. अशी तक्रार लवकर सुटते.

चौथं, ट्रिपल सीटचं. तिथे नंबर सरळ वाचता येतोय आणि गाडी काळी आहे. म्हणजे कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. ही हजार रुपयांची गोष्ट नाही. ते हजार भरून टाकलेत तर तुम्हीच म्हणालात की गाडी आमची. उद्या त्या काळ्या गाडीने कुणाला उडवलं किंवा कुणाची सोनसाखळी ओढली तर पोलीस कराडला तुमच्या दारात येतील. मी स्वतः असा एक माणूस दारात बघितलाय, बिचारा शिक्षक होता. तो खरा असूनही त्याला कागद काढायला दोन दिवस लागले.

म्हणून दोन्हीकडे. महाट्रॅफिकवर त्या चलनाच्या नावाने तक्रार नोंदवा. सोबत तुमच्या गाडीचे चारही बाजूंनी फोटो, आरसी, आणि गाडी गावात होती याचं काही असेल तर ते. आणि तुमच्या पोलीस ठाण्यात साध्या कागदावर अर्ज. "माझ्या वाहनाचा क्रमांक अन्य वाहनावर वापरला जात आहे." दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन पोच ठेवा. ती पोच आरसीपेक्षा जपा.

एक विचारतो. तुमच्या गाडीला नवी एचएसआरपी, म्हणजे ती सरकारी सुरक्षा नंबरप्लेट, बसवलीय का? एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना लागते ती. बसवली असेल तर कधी?

वडिलांचं. कायद्यात कलम १९४ डी मध्ये हेल्मेटसाठी १००० दंड आणि तीन महिने लायसन अपात्र असं दोन्ही लिहिलंय. महाराष्ट्रात जागेवर मिटवायची रक्कम ५०० आहे. लायसनवर कारवाई आपोआप होत नाही, त्यासाठी लायसनचा तपशील घेऊन प्रस्ताव आरटीओकडे जावा लागतो. तुमच्या चलनावर लायसन नंबर आहे का बघा. नुसता गाडी नंबर असेल तर चलन गाडीवर आहे, माणसावर नाही.

आणि ताई, टोपीला सूट नाही. सूट पगडी बांधणाऱ्या शीख माणसाला आहे. मी चौकात हे वाक्य इतक्या वेळा बोललोय की झोपेतही म्हणेन.

वडिलांना सांगा मात्र. ड्रायव्हर माणूस आहे. लपवलेलं त्याला जास्त लागेल.


खानापूर_रोड | सकाळी ९:०३

जरा थांबा की. आमच्याकडे बेळगावात २०२३च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारने थकलेला दंड निम्म्यात भरायची मुभा दिली होती. ज्यांनी आधी पूर्ण भरला ते कपाळावर हात मारत बसले. तुमच्याकडेही येईल अशी काहीतरी योजना.


काळा_कोट_नवा | सकाळी ९:४०

योजनेची वाट बघू नका. तुमच्याकडे त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे राष्ट्रीय लोक अदालत. वर्षातून साधारण चार वेळा होते, थकलेल्या ई-चलनांची दाखलपूर्व, म्हणजे अजून कोर्टात दाखल न झालेली, प्रकरणं तिथे ठेवली जातात आणि मेसेज येतो, "आपले प्रकरण लोक अदालतीत ठेवले आहे." घाबरायचं कारण नाही, ते समन्स नसतं. तिथे तडजोड होते. कमी होईलच असं कुणी लिहून देत नाही. आणि तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून जी चलनं तुम्हाला मान्यच नाहीत ती तिथे मिटवायला नेऊ नका.

मान्य नसलेल्याचा रस्ता वेगळा. तक्रार फेटाळली तर चलन न्यायालयात जाऊ शकतं आणि तिथे तुम्ही "गुन्हा कबूल नाही" म्हणू शकता. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तुम्ही जी रक्कम भरता ती तडजोडीची रक्कम असते. ती भरली की प्रकरण तिथे संपतं. भरायचं आणि मग भांडायचं, हे चालत नाही. ऑनलाइन भरून पैसे परत मागायला माझ्याकडे दर महिन्याला एक तरी माणूस येतो, त्याला चहा पाजून परत पाठवतो.

पाचव्याबद्दल एक. सिग्नल तोडल्याचं चलन कलम १७७ खाली असेल तर पहिल्यांदा ५००, पुन्हा केलं तर १५०० पर्यंत. पण २०१९च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल ओलांडणं कलम १८४ मध्ये, धोकादायक ड्रायव्हिंगमध्येही घातलंय, तिथे १००० ते ५००० आणि कैदही. चलनावर कलम काय छापलंय ते नेहमी बघा, नुसती रक्कम नाही.

कॅमेऱ्याच्या चलनांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ ए असा नियम ऑगस्ट २०२१मध्ये आला. त्यात तेव्हा १५ दिवसांत सूचना पाठवायची असं घातलं होतं, आणि ज्या यंत्राने फोटो काढला त्याला दरवर्षी मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं. असे कॅमेरे कुठे लावायचे त्या शहरांच्या यादीत तेव्हा महाराष्ट्रातली १९ होती. पण पंधरा दिवसांत मेसेज आला नाही एवढ्यावर नाचू नका. तुमचा मोबाइल नंबरच जुना असेल तर सूचना पाठवणाऱ्याने पाठवलेली असते. विकायच्या आधीसुद्धा तो नंबर वाहन पोर्टलवर बदलून घ्या.


पार्किंग_शोधतोय | सकाळी १०:११

मग फोटो कुणी पण कसाही काढतो त्याचं काय? माझ्या अकरापैकी सहा कुणाच्या तरी खिशातल्या मोबाइलवर काढलेले आहेत.


निवृत्त_शिट्टी | दुपारी १:३०

तो मुद्दा बरोबर आहे, हे मी खात्याचा माणूस असून सांगतो. २०२५च्या जुलैत वाहतूकदारांनी ई-चलनावरून संप केला तेव्हाच वरून परिपत्रक निघालं की खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर चलन चढवायचं नाही. मशीननेच काढायचा. कारण मशीनच्या फोटोला वेळ आणि जागा लागलेली असते, खिशातल्या मोबाइलमधला फोटो संध्याकाळी घरी बसूनही चढवता येतो. तुमच्या सहांवर तक्रार करा की. पण ती भरलीच नाहीत आणि तक्रारही केली नाही, तर तुम्ही फक्त विसरलात असं दिसतं.


कोयनाकाठची | रात्री ९:१७

काका, खूप आभार. एपीके डिलीट केली.

एचएसआरपी बसवलीय! भावाने अपॉइंटमेंट घेतली होती, ५३१ रुपये भरले, एप्रिल २०२५मध्ये बसली. तुम्ही विचारल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ऑगस्टच्या फोटोतल्या काळ्या गाडीला साधी काळ्या रंगाने रंगवलेली पाटी आहे, खाली कसलातरी वाघ. आमच्या गाडीला त्याच्या चार महिने आधीपासून होलोग्रामवाली पाटी आहे, आणि ती स्नॅप लॉकने बसवतात, काढली तर मोडते.

रात्रीचा फोटो टीव्हीला लावून बघितला. सगळं घर समोर बसलं होतं, वर्ल्ड कपच्या फायनलला बसतं तसं. शेवटून दुसरा आकडा. आमचा ८ आहे. त्यांचा ३ आहे आणि त्याच्या पोटात गंजका स्क्रू. आईला सगळ्यात आधी दिसलं. एम-परिवहनवर ३ घालून बघितलं तर मोपेड निघाली, फोटोतही मोपेडच आहे, ॲक्टिवा नाहीच. आम्ही इतके दिवस नंबरच बघत होतो, गाडी बघितलीच नव्हती.


निवृत्त_शिट्टी | रात्री ९:४०

आईंना नमस्कार सांगा. खात्यात पाहिजे होत्या.

पाटी बसवल्याची पावती तक्रारीला जोडा, तारखेसकट. वाघ दिसेल असा फोटो कापून वेगळा जोडा. लांबलचक लिहू नका. तक्रार बघणाऱ्याला दिवसात शेकडो असतात. "वाहनाचा रंग वेगळा, पाटी वेगळी, एचएसआरपी अमुक तारखेची" इतकंच.


तीनचाकी | रात्री १०:०५

ताई, गल्लीतल्या त्या पोराला आधीच सांगून टाका चलन अडकलंय म्हणून. आणि टीटी व्हायच्या आधी गाडी देऊ नका हा. इसार घेतलाय म्हणून चावी देतात लोक. मग त्याने केलेलं पण तुमच्या वडिलांच्या नावावर पडतं. माझ्या मेव्हण्याचं झालंय, विकून दीड वर्ष झालं तरी मेसेज त्यालाच.


काळा_कोट_नवा | रात्री १०:२२

यांचं शंभर टक्के बरोबर. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानेही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९. लोक समजतात ते घेणाऱ्याचं काम. फॉर्मवर सही करून कोरा देऊ नका, तारीख तुम्ही स्वतः घाला.


कोयनाकाठची | २३ दिवसांनी

कुणी विचारलं नाही, पण धागा अर्धवट राहायला नको.

भावाची दोन त्याच रात्री भरली. म्हणजे त्याने भरली, त्याच्या पहिल्या पगारातून, आईच्या देखरेखीखाली. पाच मिनिटांत झालं, पावतीची पीडीएफ आली.

पाचवं, स्क्रूवालं, नवव्या दिवशी यादीतून गेलं. कुणी कळवलं नाही. मी रोज सकाळी चहा घेताना साइट उघडायचे, एक दिवस ते तिथे नव्हतं. काकांनी सांगितल्यासारखं तीन ओळीत लिहिलं होतं.

चौथ्याचं अजून भिजत घोंगडं आहे. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. पहिल्या दिवशी सांगितलं, चलन पुण्याचं आहे, पुण्याला जा. दुसऱ्या दिवशी बाबा सोबत आले. ते काही बोलले नाहीत, फक्त दोन्ही प्रती टेबलावर सरळ ठेवल्या आणि उभे राहिले. शिक्का मिळाला. एसटीत कंट्रोलरच्या खिडकीपुढे असंच उभं राहावं लागतं, असं नंतर म्हणाले.

आणि बाबांचं. सांगितलं. आधी शब्दात सांगायचा प्रयत्न केला, जमेना, मग फोनच पुढे केला. त्यांनी चष्मा बदलला. फोटो मोठा केला, डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. मला वाटलं म्हणतील हा मी नव्हेच. बऱ्याच वेळाने म्हणाले, "इंडिकेटर चालू आहे बघ."

होता चालू. डावीकडचा.

मग उठून पेन्शनच्या पाकिटातून पाचशेची नोट काढली. ऑनलाइन भरू म्हटलं तर नको म्हणाले. दत्त चौकातच जाऊन मशीनवाल्या पोलिसाकडे भरले. तो पोरगा विशीतला, त्याने काका बसा म्हटलं तर हे उभेच. छापील पावती घेतली, तारीख वाचली, कलम वाचलं (१९४ डी, काका, तुम्ही सांगितलेलं), घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली. लायसन नंबर चलनावर नव्हता. मी ते त्यांना सांगितलं तर म्हणाले, "असता तरी दिलं असतं."

पावती सध्या कुठे आहे मला माहीत नाही. बिल्ल्याच्या कप्प्यात नाही, मी बघितलं.

चौथं चलन साइटवर "तक्रार प्रक्रियेत" दाखवतं, म्हणून टीटी अडकलंय आणि गाडी अजून आमच्याच दारात आहे. तीनचाकी दादांचं ऐकून चावी दिलेली नाही. गल्लीतला तो मुलगा रोज संध्याकाळी येतो, ताडपत्री काढतो, बाबांकडून चावी मागून दोन मिनिटं इंजिन चालू ठेवतो, बॅटरी उतरू नये म्हणून. बाबा पायरीवर बसून बघतात. काल त्याला म्हणाले, "रेस करू नकोस, नुसती चालू ठेव."